घर क्रमांक चारशे बारा

६ फेब्रुवारी

दातांचे डॉक्टर पुन्हा आले. घरपट्टी दुप्पट लागल्यापासून त्यांच्या डोळ्याला डोळा नाही. "तुम्ही कर खात्यात उमेदीची वर्षं काढलीत, तुम्हाला आतल्या खाचाखोचा माहीत" — असं कुणी म्हटलं की मी फुगतो, हे लोकांना बरोबर कळतं. नोकरी सोडल्यापासून हाच धंदा. ज्या टेबलामागे बसायचो त्याच टेबलासमोर उभं राहून लोकांच्या हरकती मांडायच्या.

डॉक्टरांची बाजू लंगडी. भिंती पक्क्या, फरशी नवी, वर दवाखाना. एकच वाट आहे — त्याच भागातलं, तेवढंच मोठं, पण कमी कर लागलेलं घर शोधायचं आणि विचारायचं, त्याला कमी तर ह्यांना जास्त का?

८ फेब्रुवारी

नोंदी चाळल्या. तुलनेला चपखल बसेल असं घर मिळालं. मागच्याच गल्लीतलं, चारशे बारा. आकार तेवढाच, कर निम्म्याहून कमी.

ताईचं घर.

दुसरं शोधतो.

११ फेब्रुवारी

दुसरं मिळालं नाही. खरं म्हणजे नीट शोधलंच नाही. जेवताना बायकोला सांगितलं, डॉक्टरांसाठी एक घर सापडलंय. "कुणाचं?" — "आहे एकाचं." भाजी छान झालीय म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली, कारण मी असं कधी म्हणत नाही.

१२ फेब्रुवारी

लिहून टाकलं. तुलनेत नाव नसतं, नुसता नंबर असतो. आणि तुलनेच्या घराकडे कोण ढुंकून बघतो? खात्यात होतो तेव्हा मी तरी कधी बघितलं नाही.

२० फेब्रुवारी

सुनावणी. ह्या वेळी नव्या अधिकारी बाई होत्या. हरकत शांतपणे वाचली, मग म्हणाल्या, "तुमचं म्हणणं पटतं. दोन्ही घरं सारखीच आहेत. म्हणजे एक जास्त लागलंय, किंवा दुसरं कमी लागलंय." डॉक्टरांचं थोडं कमी केलं. मग कारकुनाकडे वळल्या — "त्या गल्लीत माणसं पाठवा. मापं फार जुनी दिसताहेत. सगळीच घरं बघून घ्या."

तेव्हाच बोलायला हवं होतं. बाई, तुलना मागे घेतो, एवढंच. मी कागद गोळा केले.

बाहेर डॉक्टरांनी पाठ थोपटली. "आता तुम्ही कधीही या, दात फुकट बघीन." दात दाखवायला तोंड उघडावं लागतं. ते उघडायचं तेव्हा माझं उघडलं नाही.

५ मार्च

ताईचा फोन. टेप घेऊन दोघं आले होते. वरची खोली मापली, मागचा झाकलेला व्हरांडा मापला. ह्या दोन्हींची नोंद खात्यात कधी झालीच नव्हती. "उन्हातून आले होते बिचारे, मी चहा दिला. टेपचं एक टोकही धरलं." हसत होती.

मीही हसलो. काय माणूस आहे मी.

२६ मार्च

ताई आली. नवी आकारणी लागली. मेहुणे गेल्यापासून तिचं अर्ध्या पेन्शनीवर चालतं, हे मला सांगायला नको.

आई गेली तेव्हा मी पाचवीत होतो. माझी वेणीफणी तेवढी करायची राहिली होती, बाकी सगळं ताईनंच केलं, त्याच चारशे बारामध्ये, लग्नानंतरही तिथंच राहून. तीच आज माझ्यासमोर खुर्चीच्या कडेला बसली, गिऱ्हाइकं बसतात तशी, आणि म्हणाली, "घरचाच माणूस ह्यातला जाणकार आहे, मी कशाला घाबरू? पण शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंचीही वाढलीय रे. कोपऱ्यावरचे घड्याळवाले आजोबा तर बिल हातात घेऊन नुसते ओट्यावर बसून असतात. आमची गल्ली कुणाच्या डोळ्यात खुपली कोण जाणे."

"बघतो," म्हणालो.

ती गेल्यावर बायको दारातच उभी. "ते एकाचं घर, ते ताईंचं होतं?" मी ताईच्या बिलाची घडी घालत राहिलो. तिनं मघाचे कप उचलले. "तुमचं तुम्ही बघा. पण त्या पुन्हा आल्या तर चहा तुम्ही करायचा. माझ्याच्यानं त्यांच्यासमोर उभं राहवणार नाही."

२ एप्रिल

ताईची हरकत लिहायला बसलो. भिंतीला ओल, वरच्या खोलीवर पत्रा, व्हरांडा फक्त आडोशापुरता. मुद्दे चांगले आहेत. असा मुद्देसूद चोर दुसरा नसेल.

बायको अजून कामापुरतंच बोलते.

१० एप्रिल

ताईची सुनावणी. बाहेर बाकावर बसलो होतो. ताईनं इस्त्रीची साडी नेसली होती. माझी कॉलर तिनं सरळ केली, भर गर्दीत. मग मला राहवेना.

सांगितलं. डॉक्टर, तुलना, नंबर. माझ्या हातानं लिहिला, हेही. नजर समोरच्या भिंतीवर ठेवून बोललो.

तिनं पिशवीतलं बिल काढून त्यावरचा नंबर वाचला. मग —

"नंबर बघितल्याबरोबर ओळखलास?"

"हो."

"ओळखणारच. तीन वर्षांचा होतास. मीच पाठ करून घेतला होता तुझ्याकडून. बाजारात हात सुटला, तर कुणालाही सांगता यावं, मला चारशे बाराला न्या म्हणून."

आतून आमचं नाव पुकारलं. ती उठली. "चल. आता नीट बोल."

बोललो. ओल, पत्रा, आडोसा, एकेक मुद्दा. पत्र्याची खोली आणि व्हरांडा अर्ध्या दरानं धरायचं बाईंनी मान्य केलं. पहिल्याइतकं नाही, पण झेपेल इतपत. ताईनं बाईंना नमस्कार केला. माझ्याकडे न बघता जिना उतरली आणि एकटीच बसमध्ये चढली.

१३ एप्रिल

ताईला फोन केला. उचलला नाही.

१४ एप्रिल

उचलला नाही. घरापर्यंत जाऊन आलो. दिवा होता, कडी वाजवायचं धाडस झालं नाही. घड्याळवाले आजोबा ओट्यावर होते. "काय, बहिणीकडे?" म्हणाले. मी "हो" म्हणालो आणि उलट दिशेला चालायला लागलो.

डॉक्टरांनी आणखी एक गिऱ्हाईक पाठवलं. परत पाठवलं.

१७ एप्रिल

सकाळी दार उघडलं तर ताई. मागे शिवणकामवाल्या बाई, काठी टेकत आजोबा, आणि त्यांच्यामागे जवळजवळ अख्खी गल्ली, प्रत्येकाच्या हातात बिल. ताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हा माझा धाकटा भाऊ. आपल्या गल्लीची घरपट्टी वाढली ती ह्याच्यामुळे. आता हाच निस्तरेल. फी कुणी द्यायची नाही." मग माझ्याकडे वळली. "सरक. म्हाताऱ्या माणसांना बसू दे."