मागच्या गल्लीतली हवा

४ मार्च
शहरातल्या मोटारी कमी करायचा आराखडा कुणी लिहिला? मी. एकशे बारा पानं! आणि ऑफिसात कौतुक कुणाचं? माझ्या साडूचं. का, तर हवेतलं प्रदूषण मोजणारा हा गृहस्थ सायकलने येतो. साहेब म्हणाले, विभागप्रमुख नेमताना स्वतः मोटार सोडलेला माणूसच बघणार. उद्यापासून गाडी बंद. कायमची.

५ मार्च, सकाळी ८
सायकलमध्ये हवा नाही. आजच्यापुरती गाडी.

७ मार्च
चढावर छातीचा भाता झाला. घरी परतून गाडी काढली. बायको म्हणे, भाऊजी तोच चढ शीळ घालत चढतात. शीळ! नाटकी मेला.

११ मार्च
जमलं! घडीची सायकल डिकीत. ऑफिसच्या मागच्या गल्लीत गाडी लावायची, एसी चालू ठेवून वीस मिनिटं पेपर वाचायचा. मग हेल्मेट, कपाळावर बाटलीतलं पाणी, आणि शेवटची शंभर पावलं सायकल. साहेबांनी पाठ थोपटली. साडू जळेल वाटलं होतं, तर तो चक्क खूश झाला. तेही मनापासून! असल्या माणसाचं करायचं काय?

१९ मार्च
साडूच्या यंत्राचा निष्कर्ष: शहरातली सगळ्यात घाणेरडी हवा आमच्या मागच्या गल्लीत, रोज सव्वानऊ ते नऊ पस्तीस. हसू आलं. भर मीटिंगमध्ये ठणकावलं, यंत्र बिघडलंय, त्या वेळी तिथे चिटपाखरूही नसतं. मला माहीत नाही तर कुणाला? रोज तिथेच असतो मी. उद्या सव्वानऊला सगळ्यांनी प्रत्यक्ष बघावं, हा प्रस्तावही माझाच. एकमताने मंजूर. आता साडूची चांगलीच जिरणार. उद्या मात्र घरापासून सायकल.

२० मार्च
उठायला उशीर, म्हणून गाडीच काढली. म्हटलं, पाहणीच्या आधी दोनच मिनिटं थांबू. पेपर वाचता वाचता डोळा लागला. काचेवर टकटक झाली तेव्हा बाहेर साहेब, सहा सहकारी आणि यंत्र. माझ्या डोक्यावर हेल्मेट. साडू हळूच म्हणाला, आधी इंजिन बंद करा.

२२ मार्च
साडू विभागप्रमुख झाला. गाडीची चावी बायकोने मेहुणीकडे दिली. माझ्या सायकलमध्ये हवा नव्हती, म्हणून साडूने त्याच्या कॅरिअरवर बसवून नेलं. चढावर उतरू का विचारलं, तर मानेनेच नको म्हणाला. शीळ चालू होती ना.
मागे बसूनही धाप मलाच लागली.