मागची खोली

९ जानेवारी
हडपसर, अकरावा मजला. गुडघा तसाच. एकट्याने खाली उतरायची बंदी अजून उठलेली नाही. चि. संजय एका खोलीत दार लावून कंपनीच्या कामात, सूनबाई दुसऱ्या खोलीत. घरात तीन माणसं आणि बोलायला एक कुकर.
जेवताना पुन्हा गावी जायचं काढलं. सं. म्हणाला, "बाबा, काका राहतात मळ्यात. गावातल्या घरात एकटे पडलात-बिडलात तर कळणार कोणाला?" खरं आहे. आमटी भुरकली.

११ जानेवारी
गावात इंटरनेटची लाइन आली! ग्रामपंचायतीनं ठरवलंय, लॅपटॉपवर काम करणारी शहरातली माणसं राहायला बोलवायची. धाकटा भाऊ बाळूचा फोन, "दादा, आपली पुढली खोली देऊ का? घर नुसतं बंदच हाय." जीव हरखला. पुढच्या खोलीत पाहुणा, मागच्या खोलीत मी. मग एकटा कुठे?
सं.ला सांगितलं. म्हणाला, "एक पाहुणा महिनाभर टिकू दे. मी स्वतः सोडायला येतो." शब्द दिलाय. म्हणून लिहून ठेवतो.

२ फेब्रुवारी
पहिली पाहुणी पोचली. बंगळूरहून आलेली मराठी मुलगी. बाळूच्या बायकोनं, सुमननं, पुरण घातलं.

५ फेब्रुवारी
गेली. तीन दिवसांत! भांडण नाही, तंटा नाही. बाळूला खोदून खोदून विचारलं. "पोरगी दिवसभर एकलीच दार लावून बसायची, दादा. बरं दिसतं का? बायका पाळीपाळीनं सोबतीला बसवल्या." त्यातून सुमननं मीटिंग चालू असताना मागून तिच्या डोक्याला तेल लावलं. साहेबानं पडद्यावर पाहिलं.
हसावं की रडावं. आमच्याकडे पाहुणा एकटा बसला तर घरच्यांची मान खाली जाते. त्यांचं काय चुकलं?

६ फेब्रुवारी
सातवीत शाळा सुटली. पुढचं सगळं कारखान्यातल्या पाट्या वाचत शिकलो. म्हणून पाटीच सुचली. पुठ्ठ्यावर लिहिलं : 'आत माणूस कामात आहे. आजारी नाही, रुसलेला नाही. चहा उंबऱ्यावर ठेवावा. सोबत करू नये.' फोटो बाळूला.
सं. वाचून हसला. किती दिवसांनी! "बाबा, एक माझ्या दाराला लावा."
"तुझ्या दाराला कशाला? तिथे येतं कोण?"
चेहरा पडला त्याचा. बोलायला नको होतं.

१४ फेब्रुवारी
दुसरा पाहुणा. नागपूरचा, पस्तिशीतला, कमी बोलणारा. पाटी दारावर लागली. सुमन म्हणे चहा ठेवते आणि चोरासारखी पळते.

२ मार्च
टिकलाय! पिशवी भरली. स्वेटर, चष्मा, कारखान्यातली मोजपट्टी (उगीच). सूनबाईनं पाहिलं. संध्याकाळी गुडघ्याचा नवा पट्टा आणून पिशवीवर ठेवला. गुणी पोर.

१५ मार्च
महिना भरला. सं. शब्दाला जागला. "रविवारी निघू, बाबा."
दुपारी बाळूचा फोन. आवाज पडलेला. पाहुण्याला वर्षभर राहायचंय, बायकोही येतेय, तिचंही लॅपटॉपचंच काम. "दोघांची फोनवरची बोलणी एका खोलीत होत न्हाईत म्हनतो. मागली खोलीबी मागतोय. दादा, खोली तुमची. तुमी न्हाई म्हनलात तर न्हाई. पर मग त्यो दुसरं गाव बघनार."
तो गेला की घर रिकामं. रिकाम्या घरात सं. सोडणार नाही. खोली दिली तर मी कुठे...
पडवीत कॉट टाकली तर? सं. ऐकेल?
"उद्या सांगतो" म्हणालो.

१६ मार्च
बाळूला काही सांगितलेलं नाही. सं.लाही नाही.
सकाळपासून माझ्या खोलीचं दार लावून बसलोय. असं मी कधी बसत नाही. अकराच्या सुमारास बाहेर कप ठेवल्याचा आवाज. हाक नाही. सूनबाई पावलं न वाजवता परत गेली.
उघडलं तेव्हा चहावर साय धरली होती.
पिशवी कोपऱ्यात, भरलेली. बाळूचा फोन वाजतोय.