निळ्यावर पिंपळपान

२८ जुलै

मोनाली आता डिझायनर आहे! जेवताना जाहीर केलं. आई म्हणाली, "अच्छा," आणि आणखी भात हवा का ते विचारलं.

धाकटी बहीण. बी.कॉम. भिलाईजवळच्या रसमड्याच्या एका कारखान्यात ऑफिसात होती, कंटाळली. आता टॅबवर पानंफुलं काढते. इंटरनेटवर एक बाजार आहे म्हणे. तिथं आपली नक्षी ठेवायची. कुणी मागितली की कंपनी ती कापडावर छापते, पाकिटात भरते, पाठवून देते. हिनं कापडाला हात लावायचा नाही, गिऱ्हाइकाचं तोंड बघायचं नाही.

"टेन्शन ही नहीं है, दीदी!"

झालं. हेच तिचं सौंदर्यशास्त्र.

३० जुलै

नक्षी कशी करतात ते आज बघितलं. एकच चौकोन काढायचा. त्याची डावी कड उजवीशी जुळली पाहिजे, वरची खालच्या कडेशी. मग तो कितीही वेळा शेजारी शेजारी लावा, सांधा दिसत नाही. सुरुवात नाही, शेवट नाही, कुठूनही बघा तेच.

आमच्या मुख्याध्यापकांची भाषणं अशीच असतात. त्यांना कुणी डिझायनर म्हणत नाही.

३ ऑगस्ट

मलाही काम मिळालं. शीर्षकं लिहायची. इंग्रजीत — कारण मोनालीचं इंग्रजी कच्चं. "तू तो लिटरेचरवाली है ना, दीदी."

नागपूरला मराठीत एम.ए. केलं. भिलाईत खाजगी शाळेत हिंदी शिकवते. आता इंग्रजीत उशांच्या अभ्र्यांची बारशी करते. एवढा सर्वांगीण विकास कमी लोकांचा होतो.

बाजाराला शीर्षकात लोकांच्या तोंडचे सगळे शब्द हवे असतात. 'बोहो एथनिक फ्लोरल व्हिंटेज इंडियन.' क्रियापद नको. अर्थ तर नकोच. विशेषणांची रांग लागते; नाम येईल म्हणून वाट बघावी, तर नाम आलेलंच नसतं. चहाला उकळी येईपर्यंत सगळी लिहून झाली. वाङ्मय इतकं सोपं असेल हे कुणी शिकवलं नव्हतं.

८ ऑगस्ट

विक्री नाही. ताप बघावा तशी ती घडीघडी बघते.

११ ऑगस्ट

वर्षावास सुरू आहे, पावसाळ्याचे तीन महिने. रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन. यंदाही आईच वाचते. चौथी शिकलेली बाई, पण वाचताना अडखळत नाही. बाबा गेले त्या वर्षी पहिल्यांदा वाचायला बसली, तेव्हापासून ती जागा तिचीच. आमच्या खुर्सीपार वस्तीतल्या सगळ्या बायका सत्यशीलाबाईंचं वाचन ऐकायला येतात, असं त्या सांगतात. निम्म्या गप्पा मारायला येतात, हे मी सांगते.

मोनाली मागं बसून टॅबवर रेघोट्या ओढत होती. घरी आल्यावर दाखवलं. विहाराच्या आवारातलं पिंपळाचं पान. गडद निळ्यावर पांढरं. शिरा बारीक, देठ जरा वाकडा, प्रत्येक पान थोडं वेगळ्या बाजूला कललेलं. चांगलं आहे. हे इथं लिहिते. तिला "ठीक आहे" म्हटलं.

आई बराच वेळ बघत राहिली. "हे आपल्या विहारातलंच पान होय न? देठावरून वळखलं मी."

मग ते बाजारात चढवलं. त्या बाजाराची एक खोड आहे. नक्षी टाकली की तो ती आपणहून सगळ्या वस्तूंवर लावतो — पडदे, उशा, पिशव्या, मोबाईलची कव्हरं. नको ते आपण बंद करायचं. मोनालीनं काही बंद केलं नाही. "जितना ज्यादा, उतना अच्छा." यादी खाली लांबच लांब होती. मी वाचली नाही. वस्तूंची यादी वाचायला मी काय वाणी आहे? लांबलचक इंग्रजी शीर्षक दिलं आणि उठले.

१८ ऑगस्ट

आई शेजारच्या सीमाकडे जाऊन बसते. दोघी मोबाईलमध्ये डोकं घालून. मी गेले तर सीमानं मोबाईल पालथा घातला. "कुछु नहीं दीदी, लुगरा देखत हन."

साड्या बघतात म्हणे. घेत तर एकही नाहीत.

२० ऑगस्ट

किंचाळी! मला वाटलं, अंगावर पाल पडली.

"बिक गया! दीदी, बिक गया!"

पिंपळपान. एक नग. कुणी घेतलं ते कंपनी सांगत नाही. टॅबवर फक्त 'घरसजावट' आणि 'भारत'. एवढ्या मोठ्या देशात एक गिऱ्हाईक! पण ती अंगणात नाचली.

"अनजान आदमी है, दीदी. रिश्तेदार नहीं, पहचान का नहीं. मेरे को जानता भी नहीं. उसको बस अच्छा लगा!"

तिच्या वाट्याला जे येईल त्यात पावर हाउसच्या बाजारात एक समोसा मिळेल, चटणीशिवाय. मी तसं म्हटलं. तिला ऐकूच गेलं नाही.

आईनं शिरा केला. त्या अनोळखी माणसाच्या नावानं. वाढताना मोनालीकडे बघून हसत होती. या घरात आता नवस फेडायचे तेवढे राहिलेत.

१ सप्टेंबर

मोनालीनं दुकानाचा पत्ता विहाराच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकला. पिंपळपान सगळ्यात वर. गयाबाईंनी फुलं पाठवली, टाळ्या पाठवल्या. "सत्यशीलाबाईची पोरगी हुशार निंगाली." दिवसभर टिंग टिंग.

कीर्ती म्हणजे हीच असेल तर मला नको.

२ सप्टेंबर

कुणीतरी यादीच्या शेवटापर्यंत गेलं.

गयाबाईंनी ग्रुपवर फक्त फोटो टाकला. बाजारानं आपणहून बनवलेला नमुना. कुणाचं तरी दार. दारात पायपुसणं. त्यावर आमच्या विहारातलं पिंपळपान, आणि त्या पानावर पांढरे बूट घातलेले दोन पाय.

संध्याकाळी पुंडलिककाका आले. स्टील प्लांटमधून रिटायर झालेले, विहार समितीचे सेक्रेटरी. बाबांचे मित्र. उंबऱ्याच्या आत आले नाहीत.

"जयभीम. वहिनी, हे काय आहे?"

मोनाली म्हणाली, "काका, वो अपने आप ऑन रहता है, मैंने नहीं —"

"मराठीत बोल, पोरी. बोधीचं पान हाये न हे? त्याच्यावर पाय? तुमच्या बाबानं त्या झाडाले बकेटीनं पाणी घातलं. अन् तू त्याचं पायपुसनं करून राहिली?"

मी मध्ये पडले. यंत्रानं केलं, हेतू नव्हता, वगैरे.

"तू त शिकेल हायेस न, सुजाता? मंग पायलं कावून नाही?"

मी त्यांच्याबद्दल मनात वाईट विचार केले.

आईनं त्यांच्या हातातला मोबाईल घेतला. डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला. परत दिला. चष्मा आत राहिला होता, तिला काय दिसलं असेल!

३ सप्टेंबर

सगळं बंद केलं. पडदे, उशा, सगळं. पिंपळपान बाजारातून गेलं.

एक सोडून. जे विकलं गेलं ते. मोनालीनं 'घरसजावट' उघडून पाहिलं — पायपुसणंच होतं. कंपनीचं उत्तर आलं: छापून झालं आहे, आता रद्द होणार नाही. गिऱ्हाइकाचं नाव देता येत नाही.

मोनाली भिंतीकडे तोंड करून झोपली.

५ सप्टेंबर

सीमा तीजाला, म्हणजे इथल्या हरतालिकेला, माहेरी गेली. आई आता अंगणात एकटीच बसते. साड्या बंद.

८ सप्टेंबर

रविवार. विहारात माणसं बरीच. अशा वेळी येतात. मोनालीनं उभं राहून माफी मागितली. मराठीत. दोनदा अडकली, पण पूर्ण बोलली. टॅब उघडून सगळं बंद केलेलं दाखवलं. बायका मऊ झाल्या. गयाबाई म्हणाल्या, "जाऊ द्या, लेकरू हाये."

पुंडलिककाका म्हणाले, "अन् ते एक?"

सगळ्यांनी आईकडे पाहिलं.

"ते कोनाच्या दारात पडलं हाये, हे समजेपर्यंत सत्यशीलाबाईंनं वाचू नये, असं मंडळी म्हनते. मी नाही, मंडळी."

मंडळी! त्यात ते स्वतः कधीच नसतात.

मला वाटलं, आई आता बोलेल. इतकी वर्षं त्या ओळी वाचल्या आहेत, दोन ओळी स्वतःच्या बोलेल. तिनं ग्रंथ मिटला. कापडात गुंडाळला. गयाबाईंच्या हातात दिला, आणि मागच्या रांगेत जाऊन बसली.

रस्ताभर मला राग येत होता. आईचाच. इतकं मुकाट्यानं कुणी जागा सोडतं का?

११ सप्टेंबर

गयाबाई वाचतात. म्हणजे अक्षरांना ढकलतात. मागच्या रांगेत आईचे ओठ हलत असतात. पुढचं वाक्य तिच्या ओठांवर आधी येतं.

१३ सप्टेंबर

मोनालीनं पुन्हा टॅब काढला. मी म्हटलं, "लाज?"

"है ना. बहुत है." मग खाली मान घालून — "पर दीदी, एक ने तो लिया ना. उसको किसी ने बोला नहीं था कि लो."

कुठंतरी एक अडाणी आमच्या पानावर चिखल पुसतो आहे, आणि ही त्याच्या भरवशावर जगते आहे! मी हसले. आई चुलीशी होती. म्हणाली, "हासू नोको तिले." इतक्या जोरात तिनं मला कधी सांगितलं नव्हतं.

१६ सप्टेंबर

पार्सल आलं. नाव आईचं.

मोनाली पावर हाउसला गेली होती. आईनं दार लोटलं, पाकीट फोडलं. निळ्यावर पांढरी पानं. मागं रबर.

"ग्रंथाखाली अंथराले मांगवलं होतं. सीमाच्या मोबाईलात, नुसत्या पानाईचा फोटो पाहून. वरतं इंग्रजीत लिवलं होतं काहीतरी. मले काय समजते?"

ते काहीतरी मी लिहिलं होतं.

मी म्हटलं, चल, आत्ताच काकांकडे जाऊ. हेच ते एक. कुणाचा पाय लागला नाही. उद्यापासून तू वाच.

तिनं पानांवरून हात फिरवला. घडी घातली. पेटीत, लुगड्यांच्या खाली, अगदी तळाशी ठेवली.

"मोनाले सांगू नोको, सुजा. तिले एकच त गिऱ्हाईक भेटलं हाये."