दुपारचा उंचवटा

सर, तुमचाच प्रयोग मी अकोल्यात पुन्हा केला आणि काल त्याचा निकाल आला. बोंडअळीचे तेच पतंग, तशीच अंधारखोली, पतंगांना न दिसणारा तसाच लाल दिवा. दर चार तासांनी काही पतंग काढायचे आणि त्यांची डोकी बर्फात ठेवायची. डोळ्यात प्रकाश टिपणारं द्रव्य घडवणारं जनुक, पतंगाला उजेड दाखवला नाही तरी, दिवेलागणीच्या सुमारास आपोआप कामाला लागतं आणि पहाटेकडे मंदावतं. अमरावतीत तुम्ही म्हणत होता तसंच निघालं. फक्त दुपारचा उंचवटा निघाला नाही.

मी तुमच्याकडे नवीनच होते. आलेखातली रेष भर दुपारी उठलेली पाहून तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात आणि मला विचारलंत, "रातचं पाखरू हे. मंग दुपारी काहून वाढून राह्यलं? दार तं नाही उघडलं कोनी?" मी नाही म्हटलं. तुमचा माझ्यावर विश्वास होता, म्हणून तुम्ही पतंगांवर संशय घेतलात.

पुढचे दोन उन्हाळे तुम्ही त्या उंचवट्यामागे घालवलेत. रविवारीसुद्धा डोक्याला ओला रुमाल बांधून यायचात, आणि दर वेळी दुपारची रेष सपाट. माझ्या नोंदीवर शंका घ्यायची सोडून म्हणायचात, "आपलाच हात चुकून राह्यला, बाई." या प्रयोगावरचा शोधनिबंध तुम्ही शेवटपर्यंत कुठेच पाठवला नाही. मला मात्र शिफारसपत्र दिलंत, आणि त्यात लिहिलंत की ही मुलगी खोटी नोंद करत नाही. ते वाक्य मला पाठ आहे. आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

दार मीच उघडलं होतं, सर. डबा आत राहिला होता, पोटात कावळे ओरडत होते. लाल दिव्यात काही दिसेना, म्हणून मिनिटभर ट्यूबलाइट लावली.

नव्या निबंधावर पहिलं नाव तुमचं आहे. जुनी नोंद का टाकून दिली तेही त्यात लिहिलंय, माझ्या नावानिशी. इथले लोक काय म्हणायचं ते म्हणोत. तो उद्या जाईल. हे पत्र कुठे जायचं नाही, तुम्ही गेल्यावर माझ्याकडे आलेल्या तुमच्या जुन्या वहीत ठेवून देते.

आणि डब्याचंही खरं नाही. डबा बाहेर टेबलावरच होता. ते पतंग दिवसा कसे बसतात ते मला एकदा पाहायचं होतं, म्हणून उजेड लावून चांगला अर्धा तास आत बसले. तुम्हाला विचारलं असतं, तर तुम्हीच दार उघडून दिलं असतं.