पानावरच्या बाळाच्या जागेबद्दल

मी राहीबाई कोम कै. जोतीराम घाडगे, वय अदमासे बावन्न, हल्ली राहणार माहेरी मौजे जांभुळवाडी, रहिमतपूरजवळ, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली न येता सांगून लिहवून घेत आहे. छातीत दुखते, पण डोके ठिकाणावर आहे. कालच चुलतभाऊ दादासो याला मी दारातून परत पाठवले. ते शुद्धीवर असल्याशिवाय जमत नाही.

कलम १. राहते घर भावाचे, त्यात माझे काही नाही. दोन तांब्याच्या घागरी, जाते आणि शेळी वहिनी लीलाबाईला द्यावी. शेळी मारकी आहे. वहिनीही तशीच, दोघींचे जमेल.

कलम २. ओढ्याकाठचे अर्धा एकर रान वडिलांनी मला चोळीबांगडीसाठी कायमचे लिहून दिले. त्यावर भावकीचा हक्क नाही. या रानात माझा मुलगा पुरला आहे आणि भांडण त्याच्याच जागेचे आहे, म्हणून सगळे सांगते.

पहिल्या लढाईच्या साली गावच्या जत्रेला नाथाजीची नाटक कंपनी कलियुग बुडण्याचा खेळ घेऊन आली. त्यात पाप माजते, बारा सूर्य उगवतात, मग पाऊस लागून सारी पृथ्वी बुडते. शेवटी पाण्यावर वडाच्या पानात एक बाळ तरंगत येते. ते बाळ कंपनी गावातलेच घेई. ज्या घरचे निवडले जाई त्या घराला पुण्य, म्हणून आयांची रांग लागे. मी बाळंतपणाला माहेरी आले होते. माझे पोर तीन महिन्यांचे, गुटगुटीत, न रडणारे. नाथाजीने तेच उचलले. सारे जग बुडाले आणि माझे पोर तेवढे उरले, हे मी पुढे बसून पाहिले. मला फार बरे वाटले. बायका माझ्याही पाया पडल्या.

पुढच्या आठवड्यात तापाने ते गेले. गावात ताप होताच, त्याबद्दल मी कोणाला बोल लावत नाही. त्याचा बाप पलटणीत होता. तो लढाईवरून परत आला नाही.

नाथाजीला मात्र मी माफ केलेले नाही. त्याने पुढच्या गावी दवंडी पिटली, की आमच्या खेळातले बाळ देवाने खरेच नेले. तेव्हापासून लोक त्याला पुरल्या जागी येऊ लागले. दादासोने चौथरा बांधला, दगडाला शेंदूर फासला. मूल नसलेल्या बायका तिथे लाकडी पाळणे बांधून नवस करतात. रान माझे, पण माझ्या पोराजवळ जायला मलाच गर्दीतून वाट काढावी लागते. आता रडू येत नाही. पूर्वी येत होते का, तेही आठवत नाही.

कलम ३. हे रान मी भावाची मुलगी बनुबाई हिला देत आहे. अट एकच. माझे दिवस घातल्यावर चौथरा काढावा, पाळणे ओढ्यात सोडावे, आणि हंगाम येताच रान सलग नांगरून शाळू पेरावा. दादासोने आडवे येऊ नये.

बनुबाईला ही अट नको होती. लग्नाला नऊ वर्षे होऊनही तिची कूस उजवली नव्हती. त्या चौथऱ्यावर पाळणा बांधला आणि वर्षाच्या आत मुलगा झाला. परवा ती माझे पाय धरून बसली.

"आत्ती, माझं प्वार त्येनंच दिलं. त्येच्यावर नांगर कसा घालू?"

मी म्हणाले, "त्येला सोताला जगाय आलं न्हाई, बाय. त्यो तुला काय देनार?"

मग तिने त्याचे नाव विचारले. इतक्या वर्षांत ते कोणी विचारले नव्हते. मी गुंडा म्हणून सांगितले. तो दिसायला कसा होता, असे तिने विचारले, आणि मला सांगता येईना. डोळे मिटले की मलाही पानावरचेच बाळ दिसते, कपाळाला गंध लावलेले. माझे दिसत नाही. हे मी तिला सांगितले. ही अट त्यासाठीच आहे.

बनुबाईने डोळे पुसले आणि बैल कोणाचे आणायचे ते विचारले.

वरील मजकूर वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे.

निशाणी बांगडी, राहीबाई कोम जोतीराम घाडगे
साक्षीदार: शमशेर वल्द रहिमान आतार, सही
साक्षीदार: बाळासो सयाजी माने, निशाणी नांगर
मुक्काम जांभुळवाडी, तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा
तारीख १४ फेब्रुवारी १९४६