मशीन धाकटीचं

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, पाणीपुरवठ्यातला रिटायर्ड फिटर, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. कान गेलेत, पण सही कानाने करत नाहीत. कोणी दटावून लिहून घेतलेलं नाही. मला दटावणारी एकच होती, ती आठ वर्षांपूर्वी गेली.

१. घर थोरल्याला आणि धाकटीला निम्मं निम्मं. पुढच्या खोलीवरून भांडलात तर दोघांनी मागच्या खोलीत राहा.

२. पहार आणि फावडी थोरल्याला. त्याला खणायला आवडतं. कुठे खणायचं ते मात्र त्याला विचारू नये.

३. नोकरीत असताना आमच्या साहेबांनी व्हॉल्व्ह शोधायला नकाशा बघून भर चौकात सात खड्डे पाडले. आठवा मी पाडला, त्यात व्हॉल्व्हचं झाकण निघालं. तर म्हणाले, "तुक्का लागला!" त्यांना माझ्या शोकसभेत बोलू देऊ नये. चहा द्यावा. बत्तीस वर्षांत डांबराखाली गडप झालेली चारशेवर झाकणं मी काढली. इतके तुक्के कोणाचे लागत नाहीत. जमिनीतलं लोखंड हेडफोनमध्ये वाजवून दाखवणारं माझं मशीन एकदा उभं फिरवायचं, एकदा आडवं. दोन रेघा कापतील तिथे खडूने फुली. खड्डा वीतभर, जास्त नाही.

४. आता ते मशीन. थोरला म्हणतो, "मुलगा मी आहे, मशीन माझंच." तर ऐक.

मागच्या वर्षी कापडगिरणीत पाइप फुटला, पाणी गोदामात शिरायला लागलं. व्हॉल्व्हचं झाकण सापडेना, म्हणून मला बोलावलं; धाकटी सोबत आली. मी फुली मारली. धाकटीने मशीन फिरवलं आणि म्हणाली, "बाबा, थांबा. आवाज दोनदा येतोय. झाकण मातीत उभं रुतलंय. दोन आवाजांच्या मध्ये खणा."

"तू मला शिकवतेस?"

"शिकवत नाही, ऐकतेय. तुम्हाला एकच ऐकू आला."

माझ्या फुलीवर खणलं. नुसती माती. तिने दाखवलं तिथे पहिल्याच घावाला ठण्ण! फडताळात ताटली ठेवावी तसं उभं होतं.

खणून झाल्यावर मॅनेजर धावत आला आणि माझा हात धरून म्हणाला, "मानलं तुम्हाला!" मी मान डोलावली. वर्षभर तेच सांगत फिरलो. धाकटीने एकदाही तोंड उघडलं नाही.

म्हणून लिहून देतो: ते झाकण तिने शोधलं. मी चुकलो होतो. मशीन, हेडफोन आणि कामासाठी येणारे सगळे फोन तिचे. दारावरच्या पाटीवर माझ्या नावाखाली नाही, माझ्या नावाच्या जागी तिचं नाव घालावं. माझ्यापेक्षा हुशार असं मी आजवर कोणाला म्हटलेलं नाही. हिला म्हणतो.

५. हे तिला मी मेल्यावर कळायला नको, म्हणून आत्ताच वाचून दाखवलं. म्हणाली, "एवढं लिहायला वर्ष लागलं?" म्हटलं, "लागलं. सही करू दे."

ठिकाण: आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल. दिनांक १२ मार्च, सकाळी अकरा.

सही (स्वतःच्या हाताने): फिटर

साक्षीदार १: शेजारचा शिंपी. मला सही करताना पाहिलं.

साक्षीदार २: गिरणीचा मॅनेजर. मुद्दाम बोलावून आणला. कलम चार धाकटीसमोर मोठ्याने वाचायला लावलं, मगच त्याची सही घेतली.