पाय फुटलेली पिल्लं

आईला तिच्या शेंडेफळाचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. प्रयोगशाळेत बेडकांची पिल्लं सांभाळते. माशाच्या टाकीतलं चमचाभर पाणी त्यांच्यात टाकायचं आणि बघत बसायचं. इवलीशी असतात ती नुसत्या वासानेच तळाशी चिडीचूप होतात. काल तुलनेसाठी साधं पाणी टाकताना चमचा विसळायला विसरले, तर तेवढ्यानेही घाबरली बिचारी. प्रयोगशाळेच्या बाईंनी मला चांगलंच झापलं. पाय फुटलेली मात्र खुशाल हुंदडतात. माशाच्या तोंडात मावत नाहीत ना आता!

बाबांचा गुडघा कसा आहे?

एकटीला भीती वाटते का, विचारलंस. सुरुवातीला जिन्यात पावलं वाजली की दिवा मालवून गप्प बसायचे. आता दिवा चालू ठेवते. वाटतं, पावलं माझ्याच दाराशी थांबावीत.

तुझीच,
धाकटी